जहाजाचा रोजमेळ : पर्यावरणावरील परिणाम कसे ओळखावेत आणि कसे आवरावेत

जहाजाच्या कामकाजाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो याची नोंदवही तयार करण्याचे काम ज्याच्याकडे येते, तो बहुधा सर्वांत आधी लॅपटॉप उघडून दुसऱ्या एखाद्या जहाजाची तयार नोंदवही शोधतो, आणि काम तिथेच बिघडते. माझा भाचा एका जहाज व्यवस्थापन कंपनीच्या कार्यालयात नोकरी करतो. गेल्या दिवाळीत तो बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला, तेव्हा त्याने मोठ्या हौसेने एकशे चाळीस ओळींची नोंदवही मला दाखवली. सातव्या ओळीत कार्गो पंपरूमच्या (टँकरवर द्रव माल उपसण्याच्या खोलीच्या) बिल्जचा, म्हणजे तळाशी साठणाऱ्या घाण पाण्याचा, उल्लेख होता. ‘अरे, तुमचे जहाज कोळसा वाहणारे ना? त्याला पंपरूम कुठून आली?’ असे मी विचारले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, ‘मामा, टँकरची वही घेऊन नाव बदलले.’ पुढचे दोन दिवस आम्ही त्या जहाजाचे आराखडे पसरून बसलो. त्या वेळी त्याला जे सांगितले, तेच येथे थोडे सविस्तर लिहीत आहे. मी स्वतः इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस असल्यामुळे माझा कल तेल आणि पाणी यांच्याकडे अधिक आहे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

बडोद्याच्या रावपुऱ्यातला जुना दुकानदार रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानाची फळी लावत नसे. जहाजालाही तोच हिशोब लागू पडतो. इंधन, वंगणतेल, गोडे पाणी, धान्य-भाजी, रंग, रसायने, शीतकरणाचा वायू, जहाज स्थिर ठेवण्यासाठी समुद्रातून घेतलेले बॅलास्टचे पाणी आणि माल, असे जे जे जहाजावर चढते ते कोणत्या ना कोणत्या रूपाने कोठेतरी उतरतेच: काही धुरातून, काही पाइपातून, काही पोत्यांत भरून बंदरावर, तर काही, दुर्दैवाने, रात्रीच्या अंधारात समुद्रात. म्हणून कोऱ्या कागदावर डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला खर्च मांडावा आणि प्रत्येक जमेची वाट शेवटपर्यंत शोधावी. जेथे वाट सापडत नाही तेथे नोंदवहीत एक ओळ कमी आहे, किंवा जहाजावर काहीतरी लपवले जात आहे. या कामासाठी जहाजाचा सर्वसाधारण आराखडा, टाक्यांचा आराखडा, बिल्ज आणि बॅलास्ट यांच्या पाइपांची रेखाचित्रे, तेलप्रदूषण प्रतिबंधक प्रमाणपत्राची पुरवणी आणि मागील सहा महिन्यांचे ऑइल रेकॉर्ड बुक (जहाजावरील तेलाच्या कामांची वही) एवढी कागदपत्रे पुरतात.

दोन शब्दांत गोंधळ होऊ देऊ नये. पर्यावरण व्यवस्थापनाच्या आयएसओ १४००१ या मानकाच्या भाषेत जहाजाच्या कामातला जो भाग पर्यावरणाशी संबंध जोडतो तो ‘पैलू’ आणि त्यामुळे पर्यावरणात जो बदल घडतो तो ‘परिणाम’. बिल्जचे पाणी बाहेर सोडणे हा पैलू आहे आणि पाण्यावर तेलाचा तवंग येऊन मासळीची अंडी मरणे हा परिणाम आहे. पैलू आपल्या हातात असतो, परिणाम नसतो. म्हणून नियंत्रणाचा उपाय नेहमी पैलूवर लिहावा लागतो. शिवाय प्रत्येक पैलू तीन स्थितींत तपासावा: रोजचे काम, नेहमीपेक्षा वेगळे काम म्हणजे दुरुस्ती, इंजिन चालू-बंद करणे, ड्राय डॉकमध्ये जाणे (दुरुस्तीसाठी जहाज पाण्याबाहेर घेणे), आणि तिसरी स्थिती आणीबाणीची. नव्या लोकांच्या नोंदवह्यांत पहिली आणि तिसरी स्थिती असते, मधली नसते. प्रत्यक्षात मात्र सांडलवंड बहुतेक वेळा मधल्या स्थितीतच होते, कारण एखाद्या झडपेचे वरचे झाकण (बॉनेट) उघडलेले असते आणि पहारा बदललेला असतो.

परिणाम कोणावर होतो हेही तितकेच महत्त्वाचे आहे. बडोदेकरांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण आपल्या शहराच्या मधोमध वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी राहतात आणि नाल्यातून येणारे घाण पाणी केवळ नदीत जात नाही, ते कोणाच्या तरी घरात जाते, हे आपण रोज पाहतो. समुद्राचेही तसेच आहे. भर अरबी समुद्रात सांडलेले शंभर लिटर तेल आणि जामनगरजवळच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात, पिरोटन बेटाच्या प्रवाळांपाशी सांडलेले शंभर लिटर तेल यांचे परिणाम एका पारड्यात घालता येत नाहीत. खंभातच्या आखातात भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक दहा मीटरांहून अधिक असू शकतो. त्याच आखातातल्या दहेज बंदराजवळ सांडलेली वस्तू त्या प्रवाहाबरोबर काही तासांत कितीतरी दूर जाते. म्हणून नोंदवहीत ‘ठिकाण’ हा रकाना हवाच. कायदाही ठिकाणानुसार बदलतो: भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून पर्शियन आखाताकडे निघालेले जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या अलीकडे, ओमानच्या आखातात शिरले की ते मार्पोल कराराच्या विशेष क्षेत्रात येते आणि काल चालणारी गोष्ट आज चालत नाही.

मार्पोल हा शब्द आला, म्हणून त्याची चौकट थोडक्यात सांगतो. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्याचा १९७३ चा हा आंतरराष्ट्रीय करार १९७८ च्या प्रोटोकॉलसह लागू झाला आणि त्याची सहा परिशिष्टे आहेत: तेल, घातक द्रव रसायने, वेष्टनातून नेले जाणारे घातक पदार्थ, सांडपाणी, कचरा आणि हवेचे प्रदूषण, या क्रमाने. नोंदवहीच्या प्रत्येक ओळीसमोर यांपैकी कोणते परिशिष्ट लागते ते लिहावे. मात्र परिशिष्टांची यादी म्हणजेच पैलूंची यादी असे समजू नये. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि धुलाईयंत्र यांचे पाणी चौथ्या परिशिष्टाच्या सांडपाण्याच्या व्याख्येत बसत नाही, पाण्याखालच्या आवाजावर बंधनकारक मर्यादा नाही, तरी दोन्हींचा परिणाम खरा आहे आणि दोन्ही ओळी वहीत असायला हव्यात.

तेलाची वाट

आता इंधनाची वाट धरू. समजा, जहाज दिवसाला तीस टन जड इंधन जाळते. प्युरिफायरमधून ते शुद्ध होताना गाळ वेगळा निघतो, त्याला आपण स्लज म्हणतो. स्लजची टाकी किती मोठी हवी हे ठरवताना मार्पोलच्या अर्थनिर्णयात जड इंधनासाठी दैनिक वापराच्या दीड टक्का आणि डिझेलसाठी अर्धा टक्का असा आकडा धरतात. प्रत्यक्षात चांगल्या इंधनाचा स्लज त्याहून कमी निघतो, पण एक ते दीड टक्का हा पडताळणीसाठी उपयोगी पट्टा आहे. वीस दिवसांच्या सफरीत सहाशे टन इंधन जळले तर सहा ते नऊ टन स्लज कोठेतरी दिसला पाहिजे: टाकीत, इन्सिनरेटरच्या (जहाजावरील जाळण्याच्या भट्टीच्या) नोंदीत किंवा बंदरावर उतरवल्याच्या पावतीत. वहीत दीडच टन असेल आणि पावती नसेल, तर प्रश्न प्युरिफायरच्या गुणवत्तेचा नाही, हे कोणताही बंदर-निरीक्षक दहा मिनिटांत ओळखतो.

येथे एक गोष्ट जवळून दाखवतो. मी चौथा इंजिनिअर असताना स्लज टाकीचे साउंडिंग (टेप सोडून आतली खोली मोजणे) रोज सकाळी घेण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा आमच्या चीफ इंजिनिअर साहेबांनी वही उघडली आणि सलग तीन दिवसांच्या नोंदींवर बोट ठेवले: एक मीटर बारा सेंटिमीटर, एक मीटर बारा, एक मीटर बारा. प्युरिफायर तीनही दिवस चालू होता. ते काही बोलले नाहीत, टॉर्च आणि पितळी लगड लावलेला टेप घेऊन मला खालच्या प्लेटांवर घेऊन गेले. साउंडिंग पाइपाचे झाकण फिरवले, टेप हळूहळू सोडला, लगड तळाला टेकल्याचा बोथट आवाज हाताला जाणवला. वर काढून चिंधीने वरचा भाग पुसला आणि तेलाची कड पाहिली: एक मीटर एकोणतीस. मग त्यांनी जहाज मागच्या बाजूला किती झुकले आहे ते विचारले, कारण साउंडिंगच्या तक्त्यात झुकावाप्रमाणे घनफळ बदलते, आणि मला तेही सांगता आले नाही. त्या दिवसापासून मी न पाहिलेला आकडा लिहिलेला नाही. नोंदवही तयार करणाऱ्याने निदान एकदा स्वतः असा टेप टाकून पाहावा. सर्व टाक्या जमल्या नाहीत तर स्लज, बिल्ज होल्डिंग आणि ओव्हरफ्लो या तीन तरी कराव्यात, आणि टाक्यांची नावे प्रमाणपत्राच्या पुरवणीत, ऑइल रेकॉर्ड बुकात आणि टाकीवरच्या पाटीवर एकच आहेत का ते पाहावे. अनेक जहाजांवर ती तीन ठिकाणी तीन असतात.

दुसरी वाट बिल्जची. इंजिनरूमच्या तळाशी पंपांच्या ग्लँडमधून (पंपाचा दांडा बाहेर येतो तिथल्या सांध्यातून), कूलरमधून, धुण्याच्या पाण्यातून जे साठते त्यात तेल मिसळलेले असते. चारशे ग्रॉस टन (हे जहाजाच्या आकारमानाचे माप, वजनाचे नव्हे) आणि त्याहून मोठ्या जहाजाला हे पाणी ऑइली वॉटर सेपरेटर या तेल-पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रातून गाळून, तेलाचे प्रमाण दशलक्ष भागांत पंधरा भागांपेक्षा जास्त नसताना आणि जहाज चालते असतानाच बाहेर सोडता येते. विशेष क्षेत्रांत आणि मोठ्या जहाजांवर मर्यादा ओलांडताच धोक्याची घंटा वाजून पाणी आपोआप परत टाकीत वळले पाहिजे, अशी सोय लागते; अंटार्क्टिक क्षेत्रात आणि आर्क्टिकच्या ध्रुवीय पाण्यात तर काहीच सोडता येत नाही. नियम एवढा सरळ असूनही जगभर जहाज कंपन्यांना झालेल्या मोठ्या दंडांचे मूळ बहुधा याच यंत्रात सापडते. सेपरेटर चालत नाही म्हणून त्याला वळसा घालून फ्लँजला (पाइपाच्या बोल्ट लावलेल्या सांध्याला) तात्पुरता पाइप जोडायचा, ज्याला खलाशी ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. किंवा तेल मोजणाऱ्या यंत्राला गोड्या पाण्याची नळी लावून ठेवायची, म्हणजे ते नेहमी शून्य दाखवते. पाहणी करताना सेपरेटरच्या आजूबाजूच्या फ्लँजांचे बोल्ट पाहावेत: सगळीकडे रंगाचा थर आणि दोनच बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर विचारणा करावी. नमुना-नळीची झडप कुलूपबंद किंवा सीलबंद आहे का, सीलचा क्रमांक वहीत लिहिलेला आहे का, हेही पाहावे.

मात्र केवळ पोलीस होऊन हा पैलू आवरत नाही, कारण मॅजिक पाइप लावणारा इंजिनिअर बहुतेक वेळा हताश झालेला असतो. कार्यालयाने सेपरेटरचे फिल्टर मागितल्यावर पाठवले नाहीत, बंदरावर बिल्ज उतरवण्याच्या खर्चाला नाही म्हटले, आणि टाकी तर भरत चालली आहे, अशा कोंडीत तो सापडतो. म्हणून खरा उपाय मुळाशी आहे: बिल्जमध्ये पाणी कमी येऊ द्यावे. गळके ग्लँड आणि सील वेळेवर बदलावेत. वातानुकूलन यंत्राचे आणि कूलरचे स्वच्छ निथळपाणी वेगळ्या टाकीत न्यावे, ते तेलकट बिल्जमध्ये मिसळू देऊ नये. इंजिनरूम धुताना तेल आणि पाणी लवकर वेगळे होऊ देणारे डिटर्जंट वापरावे, कारण साध्या साबणाने तेलाचे इतके बारीक थेंब होतात की दुधासारखे पांढरट पाणी तयार होते आणि कोणताही सेपरेटर ते वेगळे करू शकत नाही. होल्डिंग टाकीतले पाणी गरम करून एक-दोन दिवस निवळू द्यावे, वर आलेले तेल स्लज टाकीत काढावे आणि मगच सेपरेटर सुरू करावा. एवढे केले तर जुने यंत्रही पंधराच्या आत राहते, हा माझा अनुभव आहे. नोंदवहीत ‘नियंत्रण’ या रकान्यात ‘मार्पोलचे पालन करणे’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. कोणता सील कोणत्या महिन्यात बदलायचा, फिल्टरचे किती संच जहाजावर असलेच पाहिजेत आणि टाकी किती टक्के भरल्यावर कार्यालयाला कळवायचे, असे लिहावे. मी सत्तर टक्के ही रेघ ठेवत असे.

ऑइल रेकॉर्ड बुकातली प्रत्येक नोंद त्या कामाच्या जबाबदार अधिकाऱ्याने आणि प्रत्येक पूर्ण पान कॅप्टनने सही करायचे असते, आणि शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षे ते जपायचे असते. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा आणि सही करावी. पान फाडणे किंवा पांढरी शाई लावणे यांतून जो संशय निर्माण होतो तो मूळ चुकीपेक्षा कितीतरी महाग पडतो.

धूर आणि वेग

तीस टन इंधनाचा उरलेला भाग धुराड्यातून जातो. एक टन जड इंधन जळले की सुमारे ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे आपले जहाज रोज त्र्याण्णव टनांहून अधिक वायू सोडते. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ०.५० टक्के आहे. तीस टनांत दीडशे किलो गंधक म्हणजे जवळपास तीनशे किलो सल्फर डायऑक्साइड, त्यापूर्वीच्या ३.५० टक्क्यांच्या मर्यादेत हाच आकडा दोन टनांच्या वर जाऊ शकत होता. बाल्टिक, उत्तर समुद्र, उत्तर अमेरिकेचा किनारा आणि १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्र या नियंत्रित क्षेत्रांत मर्यादा ०.१० टक्के आहे. तेथे शिरण्यापूर्वी इंधन बदलावे लागते आणि पाइपांतले जुने इंधन पूर्णपणे धुऊन निघायला किती तास लागतात हे आपल्या जहाजापुरते मोजून लिहून ठेवावे लागते. इंधन घेताना मिळणारी बंकर डिलिव्हरी नोट तीन वर्षे ठेवायची आणि सीलबंद नमुना ते इंधन बहुतांशी संपेपर्यंत, पण किमान बारा महिने ठेवायचा.

काही जहाजे स्वस्त, गंधकयुक्त इंधनच जाळतात आणि धूर समुद्राच्या पाण्याने धुणारा स्क्रबर बसवतात. खुल्या पद्धतीच्या स्क्रबरचे धुणे परत समुद्रात जाते. हवेतला पैलू पाण्यात ढकलला गेला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून स्क्रबर असलेल्या जहाजाच्या नोंदवहीत एक ओळ कमी होत नाही, वाढते. सिंगापूरने आपल्या बंदरात खुल्या स्क्रबरचे धुणे सोडण्यावर बंदी घातली आहे, आणि अशी बंदी असलेल्या बंदरांची अद्ययावत यादी पुलावर असावी. येथे पूल म्हणजे जहाजाचा ब्रिज, जेथून जहाज चालवतात ती जागा. बडोद्यात ‘पूल’ म्हटले की लोकांना विश्वामित्रीचाच पूल आठवतो, म्हणून खुलासा केला.

कार्बनच्या बाबतीत १ जानेवारी २०२३ पासून पाच हजार ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांना अ ते इ अशा पाच पायऱ्यांवर दरवर्षी कार्बन तीव्रतेची श्रेणी मिळते. सलग तीन वर्षे चौथी किंवा एकदा पाचवी श्रेणी मिळाली तर सुधारणेची योजना सादर करावी लागते. सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त उपाय वेग कमी करणे हाच आहे. लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग दहा टक्के कमी केला तर शक्ती सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटते, आणि प्रवासाला जास्त वेळ लागतो हे धरूनही तेवढ्याच अंतराला सुमारे एकोणीस टक्के इंधन वाचते. बंदराबाहेर नांगर टाकून चार दिवस थांबण्यापेक्षा सावकाश येणे शहाणपणाचे, हे सर्वांना पटते. पण चार्टर करारात, म्हणजे जहाज भाड्याने देण्याच्या करारात, वेगाचे कलम असते, आणि इंजिनिअरने एकट्याने ठरवून हे होत नाही. म्हणून या ओळीचा जबाबदार माणूस जहाजावर नेमू नये, कार्यालयात नेमावा.

बॅलास्ट आणि तळ

रिकामे जहाज स्थिर राहावे म्हणून एका बंदराचे पाणी भरते आणि दुसऱ्या बंदरात सोडते, त्याबरोबर तिकडचे जीव इकडे येतात. काळ्या समुद्रात १९८० च्या दशकात कंगवा-जेलीने मासेमारीचे अतोनात नुकसान केले आणि उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत झेब्रा शिंपल्यांनी पाणीपुरवठ्याचे पाइप तुंबवले. आपल्याकडे मुंबई आणि विशाखापट्टणम येथे काळ्या पट्ट्यांचा परदेशी शिंपला स्थिरावला आहे. बॅलास्ट पाण्याचा करार ८ सप्टेंबर २०१७ रोजी अमलात आला आणि ८ सप्टेंबर २०२४ पर्यंत त्याच्या कक्षेतल्या सर्व जहाजांना प्रक्रियेचे मानक गाठणे आवश्यक झाले: पन्नास मायक्रॉन आणि त्यावरचे जिवंत जीव एका घनमीटरमागे दहापेक्षा कमी. त्यासाठी बहुतेक जहाजांनी गाळणी आणि अतिनील किरणांची यंत्रे बसवली. आता आपल्या दाराशी असलेल्या खंभातच्या आखाताचे पाणी पाहा. नर्मदा, मही, तापी यांचा गाळ आणि त्यावर तो भरतीचा खळखळाट, यामुळे ते चहासारखे असते. अशा पाण्यात गाळणी वारंवार तुंबते आणि अतिनील किरण पाण्यात शिरू शकत नाहीत. तेव्हा दहेजला किंवा हजीराला बॅलास्ट घ्यावे लागणार असेल तर ते यंत्राच्या भरवशावर न सोडता आधीच योजना करावी: शक्य तेवढे बॅलास्ट बाहेरच्या स्वच्छ पाण्यात घ्यावे, आखातात भरती पूर्ण झाल्यावर प्रवाह मंदावतो त्या वेळात पंप चालवावा, आणि यंत्राला वळसा द्यावाच लागला तर नंतर खोल समुद्रात टाक्या धुऊन, पाणी बदलून, मग प्रक्रिया करून भरावे. अशा पाण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२४ मध्ये हंगामी मार्गदर्शन काढले आहे. त्याप्रमाणे वळसा देण्याची कारणे आणि वेळा बॅलास्ट वहीत लिहाव्या लागतात.

जहाजाच्या तळावर चिकटलेले शिंपले आणि शेवाळ हेही परदेशी पाहुणेच असतात, शिवाय ते इंधन खातात. तळाला लावण्याच्या कथिलयुक्त रंगावर २००८ पासून आणि सायब्युट्रिन या द्रव्यावर २०२३ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. सध्याच्या बहुतेक रंगांत तांबे असते. त्यामुळे बंदरात पाणबुड्यांकडून तळ घासून घेताना जीव आणि तांबे दोन्ही तेथेच सुटतात. घासलेले ओढून गाळून घेणारे यंत्र असेल तरच हे काम बंदरात करावे.

थोडक्यात बाकीचे

सांडपाणी प्रक्रिया न करता सोडायचे असेल तर किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पुढे, किमान चार नॉट वेगाने जहाज चालते असताना आणि थोडेथोडेच सोडावे. बारीक करून जंतुनाशक मिसळलेले असेल तर तीन मैलांच्या पुढे. प्रक्रिया यंत्रात हवेचा पुरवठा बंद पडला की त्यातले जिवाणू मरतात आणि दुर्गंधी सुटते, म्हणून नाक हेच पहिले मोजमाप. संडासात ॲसिड ओतून सफाई करण्याची सवय असलेला स्टुअर्ड हे यंत्र आठवड्यात मारून टाकतो. अन्नाचा कचरा बारा मैलांपुढे, बारीक दळलेला असेल तर तीन मैलांपुढे. प्लास्टिक कोठेही नाही, तळणीचे तेलही नाही. मालाच्या कोठ्या धुतलेले पाणी सोडण्यापूर्वी तो माल सागरी पर्यावरणाला घातक म्हणून जाहीर आहे का, हे माल पाठवणाऱ्याच्या घोषणेत पाहावे. असेल तर ते पाणी बंदरावरच उतरवावे लागते. शीतकरणाच्या वायूचा जमाखर्च स्टोअरच्या वहीवरून काढावा: वर्षभरात यंत्रात जेवढा वायू नव्याने भरला तेवढा हवेत गळाला, दुसरे काही झालेले नसते.

सांडलवंड

जहाजावर तेल सांडण्याची सर्वांत साधी वेळ म्हणजे इंधन भरण्याची. सुरू करण्यापूर्वी डेकच्या कडेची पाणी वाहून जाण्याची सर्व भोके लाकडी किंवा रबरी बुचांनी बंद करावीत, पाऊस असेल तर साठलेले पाणी काढायला एक माणूस नेमावा, टाक्या नव्वद टक्क्यांपर्यंतच भरण्याचे आधी ठरवावे आणि टाकी बदलताना इंधन भरणाऱ्या बार्जला (इंधन घेऊन येणाऱ्या छोट्या नौकेला) पंपाचा वेग कमी करायला सांगावे. ‘थांब’ हा इशारा दोन्ही बाजूंनी कोणत्या शब्दाने किंवा खुणेने द्यायचा हे होज जोडण्यापूर्वी ठरलेले असावे, कारण आपला खलाशी मालवणचा, बार्जवाला कोठला तरी तिसराच आणि वॉकीटॉकी खरखरत असते. भुसा, शोषक पट्ट्या, फावडी आणि बादल्या मॅनिफोल्डजवळ (इंधनाचा होज जोडतात त्या जागेजवळ) असाव्यात, सात कुलपांमागे नव्हे. चारशे ग्रॉस टनांवरच्या जहाजावर तेल सांडल्यास करायच्या कृतींची मंजूर योजना असते; तिच्यातले संपर्क क्रमांक दर तिमाहीला प्रत्यक्ष फोन करून पडताळावेत. भारताच्या पाण्यात तेल सांडल्यावर प्रतिसादाचा समन्वय तटरक्षक दल करते आणि त्यांना कळवण्यात झालेला उशीर कशानेही भरून निघत नाही.

मोठ्या अपघातांचा अभ्यास नोंदवहीसाठी अवश्य करावा, पण केवळ तेलाच्या नजरेने करू नये. मुंबईजवळ ऑगस्ट २०१० मध्ये ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली तेव्हा तेलाइतकाच प्रश्न पाण्यात तरंगणाऱ्या कंटेनरांचा होता. मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते, काहींत पाण्याशी संयोग होऊन ज्वलनशील वायू सोडणारे कॅल्शियम कार्बाइड होते, आणि केरळच्या किनाऱ्यावर नंतर साबुदाण्यासारखे प्लास्टिकचे दाणे वाहून आले. ते दाणे वाळूतून चाळणीने वेचावे लागतात. आपण वाहतो तो माल पाण्यात पडला तर काय होईल, ही ओळ मालागणिक वेगळी असते आणि प्रत्येक सफरीला बदलते.

महत्त्व ठरवणे

ओळी जमल्यावर त्यांना गुण द्यावे लागतात. परिणामाची तीव्रता, घडण्याची शक्यता आणि वेळीच लक्षात येण्याची शक्यता यांना एक ते पाच गुण देऊन गुणाकार करण्याची पद्धत रूढ आहे आणि ती वाईट नाही, पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. ज्या पैलूला कायदा लागू आहे तो गुण कितीही कमी आले तरी महत्त्वाचाच धरावा. मला विशेष खटकते ते नियंत्रण आहे असे गृहीत धरून शक्यतेचे गुण कमी करणे. आधी नियंत्रण नसल्यासारखे गुण द्यावेत, मग नियंत्रणासह द्यावेत. दोन आकड्यांतला फरक ज्या ओळीत मोठा असेल, तेथे सर्व भार त्या एका यंत्रावर किंवा एका माणसावर आहे असे समजून त्याची तपासणी वाढवावी. गुण देताना कार्यालयातल्या माणसांबरोबर बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), फिटर आणि मुख्य आचारी हेही बसलेले असावेत. भाच्याच्या जहाजाच्या आचाऱ्यानेच सांगितले की गॅलीतल्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या, सिंकचा चरबी-सापळा गेली दोन वर्षे काढूनच ठेवलेला आहे. त्याच्या एकशे चाळीस ओळींत हे नव्हते.

जहाजाचा शेवटही नोंदवहीत येतो. जहाज पुनर्वापराचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी अमलात आला आहे आणि भारताने त्यासाठी २०१९ मध्येच कायदा केला. जहाजात ॲस्बेस्टॉस, पीसीबी यांसारखे घातक पदार्थ कोठे आणि किती आहेत याची यादी जहाज चालू असतानाच ठेवावी लागते. अलंगच्या वाळूवर जहाज चढते तेव्हा ते कापणाऱ्या मजुराच्या हातात हीच यादी असते, म्हणून दुरुस्तीत नवे गॅस्केट बसवले, उष्णतारोधक आवरण बदलले, की पुरवठादाराचे घोषणापत्र घेऊन त्याच आठवड्यात यादी सुधारावी.

नोंदवही वर्षातून एकदा तपासण्याचा नियम बहुतेक कंपन्यांत असतो. त्याशिवाय ड्राय डॉकनंतर, इंधनाचा प्रकार किंवा व्यापाराचा मार्ग बदलल्यावर, नवे यंत्र बसल्यावर आणि कोणतीही सांडलवंड झाल्यावर, मग ती डेकवरच्या डेकवर पुसली गेली असली तरी, संबंधित ओळी पुन्हा वाचाव्यात. चीफ इंजिनिअर बदलताना जुन्या आणि नव्या माणसाने स्लज आणि बिल्ज टाक्यांचे साउंडिंग एकत्र घ्यावे, झुकाव लिहावा, तक्त्यावरून घनफळ काढावे, ऑइल रेकॉर्ड बुकातल्या शेवटच्या आकड्याशी ताडून पाहावे आणि फरक असेल तर तो दोघांच्या सहीने, जाणाऱ्याचे सामान गँगवेवरून उतरण्यापूर्वी, हस्तांतरणाच्या कागदावर लिहावा.